बातमी आलीय

४ जून

भावोजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून पत्र तसंच बाजूला टाकलं असेल, तर मुकाट्यानं उघडा. फोन केला की तुम्ही कापता. घरच्यांचा ग्रुप तुम्ही सोडून गेलात. मग माणसानं करायचं काय? पोस्टात जाऊन तिकीट मागितलं, तर काउंटरवरची मुलगी अशी बघायला लागली, जणू मी तिच्याकडे जहाजाचं तिकीट मागितलंय.

आधी सांगा, धाकटी कशी आहे? तिचे राहिलेले केमो पूर्ण झाले का? थोरल्या जावेला धाकटीची खबर कुणा तिसऱ्याकडून कळावी, ही काय रीत झाली? हिवाळ्यापासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही.

हे पत्र तुमच्या दादांच्या नकळत लिहितेय. आमच्या इस्पितळात जेवणाची सुट्टी आहे आणि मी चादरींच्या खोलीत दार लावून बसलेय. त्यांची वकिली करायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. त्यांनी केलं ते चूकच. आजारी बाईच्या फोनवर रोज सकाळी ‘केमो म्हणजे विष’ आणि ‘डॉक्टर लपवतात ते सत्य’ असल्या बातम्या पाठवायच्या, आणि तिनं घाबरून एक केमो चुकवला की ‘मी फक्त माहिती दिली’ म्हणायचं! तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, त्यात नवल काही नाही. ‘दादा, तू माझ्या बायकोच्या जिवावर उठलास’ असं तुम्ही सगळ्या नातेवाइकांदेखत लिहिलंत, तेही मी समजू शकते.

पण भावोजी, तो टॅब घरात आणला कुणी?

दादा निवृत्त झाले, तेव्हा तुम्हीच तो चकचकीत डबा घेऊन आलात. ‘दादा, रद्दीनं घर भरलंय, आता सगळं जग तुझ्या मांडीवर.’ मी म्हटलं, निदान एक पेपर चालू राहू दे. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘वहिनी, जमाना बदलला.’ आणि जाता जाता पेपरवाल्यालाही तुम्हीच परस्पर नको म्हणून सांगितलंत. आता तो बदललेला जमाना येऊन घेऊन जा. माझ्याच्यानं सांभाळवत नाही.

पूर्वी कसं होतं, आठवतंय ना? दुधाबरोबर पेपर यायचा. बाहेरची पानं त्यांना, आतली मला, मग अदलाबदल. दोन ठिकाणी मान हलवायची, एका ठिकाणी ‘काय चाललंय हे!’ म्हणायचं आणि आंघोळीला पळायचं. पेपर संपायचा हो! हे संपतच नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत ‘अगं, बातमी आलीय!’ मी दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून, पायांचे खांब करून घरी येते, तर हे टॅब घेऊन दारातच उभे. ‘बातमी आलीय!’ मीठ मिळेनासं होणार आहे. डाव्या कुशीवर झोपलं तर हृदय बंद पडतं. कुठला तरी धोंडा आकाशातून येतोय. तो धोंडा यायचा तो एकदाचा येऊ दे, असं मला वाटायला लागलंय.

एवढंच म्हणणं आहे. एकदा फोन करा. मला करा, त्यांना नको.

वहिनी

२१ जून

भावोजी,

तुमचं उत्तर मिळालं. ‘तब्येत बरी. उपचार चालू. दादाचा विषय नको. काळजी घ्या.’ जगात तारखातं बंद झालं, तुमच्याकडे अजून चालू दिसतंय.

विषय नको म्हणता, पण माझ्या घरात दुसरा विषयच नाही, त्याला मी काय करू? म्हणून लिहितेय. वाचायचं नसेल तर धाकटीला द्या.

मी पेपर पुन्हा सुरू केला. तेही सहज झालं नाही. पेपरवाला म्हणाला, ‘बाई, तुमच्या अख्ख्या इमारतीत आता पेपर घेणारी दोनच घरं आहेत, तुमच्यासाठी जिने कोण चढणार? वॉचमनकडे ठेवतो.’ म्हणजे नऊला मीच खाली जाऊन आणायचा. आणला. हातात घेतला तर आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका. तरी म्हटलं, असू दे. चहाबरोबर समोर ठेवला.

तुमच्या दादांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, ‘हे सगळं कालचंच आहे.’

‘मग काय उद्याचं छापतील?’

‘अगं, हे मी काल दुपारीच वाचलं. आणि यात अर्धंच दिलंय.’

‘उरलेलं अर्धं खरं नसेल, म्हणून नसेल दिलं!’

त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलं की कप डोक्यात घालावा असं वाटलं. ‘तुला नाही कळायचं. पेपरवाले दडपतात.’

ज्या माणसानं पाणीपुरवठा खात्यात उभी हयात काढली, जो नळाच्या पाण्याचा रंग जरा पालटला तरी बाटली भरून आधी तपासायला पाठवायचा आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, तो हा माणूस! मी विचारलं, ‘या बातम्या तपासता का हो कधी?’ तर म्हणतात, ‘एवढे लाखो लोक पाठवतायत, ते काय मूर्ख आहेत?’

मग मी टॅब कपाटात घालून कुलूप लावलं. ते फोनवर वाचायला लागले. फोन लपवला, तर खाली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन त्यांच्या फोनवर वाचत बसले. शेजारी काय म्हणत असतील! दिला परत.

आता एक गोष्ट सांगते, ती कुणाला सांगू नका. परवा मी न्हाणीघरात बादली उपडी टाकून तिच्यावर बसले आणि कुठल्याशा नटीच्या तिसऱ्या घटस्फोटाबद्दल फोनवर वाचत राहिले. किती वेळ, देव जाणे. बाहेरून दारावर टकटक झाली, ‘बरं वाटतंय ना तुला?’ मी म्हटलं, पोट बिघडलंय. तेव्हा मी काही मोठी साध्वी लागून गेले नाही. पण मी ते आजारी माणसांना पाठवत तरी नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात मी चहा घेऊन ह्यांच्या मागे उभी होते, त्यांना कळलं नाही. धाकटीचं नाव उघडून ते लिहीत होते, ‘कशी आहेस’. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मिठाची बातमी साऱ्या गावाला पाठवताना ज्याचं बोट एकदा थांबत नाही, त्याच्याच्यानं दोन शब्द पाठवले जात नाहीत. मला इतका राग आला की चहा तिथेच ठेवून निघून गेले.

वहिनी

९ जुलै

भावोजी,

घाबरू नका, जिवावरचं काही नाही. तुमच्या दादांचा उजवा हात मनगटात मोडलाय. प्लास्टर घातलंय. कसा मोडला ते नीट सांगते, कारण नातेवाइकांत जे फिरतंय त्यात निम्म्या थापा आहेत.

मंगळवारी सकाळी मी ड्यूटीवर होते. मोतीबिंदूचे पेशंट रांगेनं पडलेले, डोळ्यांत थेंब घातलेले, पोटं रिकामी. तेवढ्यात डॉक्टर आले आणि म्हणाले, ‘सिस्टर, नळाला हात लावू नका. शहराच्या पाण्यात विष कालवलंय, बातमी आलीय.’ फोनवर फोटो होता. मोठमोठ्या टाक्या आणि त्यांत पांढरे मेलेले मासे तरंगतायत.

माझा फोन वाजला. हे. ‘अगं, ते आपलं जलशुद्धीकरण केंद्रच नव्हे! आपल्या गाळणीच्या टाक्यांवर छप्पर आहे, या उघड्या आहेत! मी तिथं फोन केला, पाणी ठीक आहे!’ मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘खात्री होईपर्यंत थांबू या.’ त्यांचंही चूक नाही. थांबलो. पेशंट विचारतायत, आम्ही काही सांगत नाही.

पुढचं मला सेक्रेटरींनी सांगितलं. हे खाली अंगणात गेले, तर सगळी इमारत कॅन आणि पिंपं घेऊन गाड्यांत बसायच्या बेतात. हे ओरडून सांगायला लागले, खोटी बातमी आहे, मी त्या केंद्राचा प्रमुख होतो, फोटो दुसरीकडचा आहे. तेव्हा तळमजल्यावर राहणारे बँकवाले म्हणाले, ‘साहेब, रोज सकाळी तुम्हीच आम्हाला बातम्या पाठवता. शंका काढली तर म्हणता, वरचे लोक दडपतात. आज तुमच्या खात्याचं निघालं, तर लगेच खोटं?’ मागून कुणी तरी हसलं. ‘तिथलेच आहेत, असंच म्हणणार!’ सेक्रेटरी म्हणाले, ‘वहिनी, एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.’

तेवढ्यात केंद्रावरून फोन आला. ह्यांच्या हाताखाली तयार झालेला ऑपरेटर रडकुंडीला आला होता. ‘साहेब, गेटवर माणसं जमलीयत. पंप बंद करा म्हणतायत, नाहीतर आम्ही आत घुसून करतो. पोलीस अजून आले नाहीत. काय करू?’

हे म्हणाले, ‘पंप बंद करायचा नाही. मी येतो.’

पंप थांबला की नळ रिकामे होतात, एवढं मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी ह्यांनी मला समजावलं, की रिकामे नळ जमिनीतली घाण आत ओढून घेतात. म्हणजे लोकांनी बातमीला भिऊन पंप बंद पाडला असता, तर पाणी खरंच नासलं असतं.

स्कूटर काढली आणि गेले. या वयात! मला एक फोन नाही. गेटसमोर हात पसरून उभे राहिले. लोक फोन त्यांच्या नाकासमोर नाचवतायत, ‘मग हे काय आहे?’ आणि हे म्हणतायत, ‘हे कुठलं आहे मला माहीत नाही, पण हे आपलं नाही.’ एक बाई कडेवर बाळ घेऊन पुढे आली. ‘सकाळी ह्याला हेच पाणी पाजलंय हो. काय होईल, सांगा ना.’ हे म्हणाले, ‘बाई, काही होणार नाही. सकाळपासून मीही तेच पितोय.’ ती तिथेच मटकन खाली बसली. तिला सावरायला हे वाकले आणि तेवढ्यात मागून लोंढा आला. गेट मोडलं नाही, ह्यांचा हात मोडला. चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला.

पोलीस आले, पंप चालू राहिला. दुपारी खुलासा झाला, की फोटो कुठल्याशा दुसऱ्या गावातला, जुन्या पुराचा. आम्हीही ऑपरेशनं सुरू केली. आणि संध्याकाळी, भावोजी, त्याच बँकवाल्यांनी इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’, पुढे हात जोडलेलं चित्र. माझे हात शिवशिवत होते.

प्लास्टर घालत होते, तेव्हा मी बडबड केली. खूप केली. हे एवढंच म्हणाले, ‘त्या बाळाच्या आईच्या हातात फोन होता. तिला ती बातमी कुणी पाठवली असेल गं?’

तुम्ही या असं मी म्हणत नाहीये.

बरं, म्हणतेय.

वहिनी

१५ जुलै

भावोजी,

तुम्ही फोन केलात! इस्पितळाच्या नंबरावर केलात, ‘हात कसा आहे?’ विचारलंत आणि मी श्वास घ्यायच्या आत ठेवून दिलात, पण केलात. घरी सांगितलं. तेव्हापासून हे दर तासाला विचारतात, ‘त्यानं स्वतःहून केला? काय म्हणाला? एवढंच म्हणाला? आवाज कसा होता?’ शेवटी मी म्हटलं, स्वतःच करून विचारा की! तर खिडकीबाहेर बघायला लागले.

चष्म्याशिवाय ह्यांना काहीच दिसत नाही. मी डोळ्यांच्या इस्पितळात आहे, नवा चष्मा दोन दिवसांत मिळाला असता. मी सांगितलंय, काचा बाहेरून यायच्यात, वेळ लागेल. काचा माझ्या पर्समध्ये आहेत. तुम्ही मध्ये पडू नका.

तर आता वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. पहिले दोन दिवस पेपर वाचून दाखवला. पालिकेची सभा आली की ऐकता ऐकता घोरायला लागतात. मला बरं वाटलं. वाटलं, घर ताळ्यावर येतंय.

काल दुपारी म्हणाले, ‘मी धाकटीला काय काय पाठवलं होतं, ते वाच.’

मी म्हटलं, नको. कशाला उकरायचं? पण ऐकेनात. मी त्यांचा फोन काढला, वर वर सरकवत गेले आणि वाचायला लागले. भावोजी, डोळ्यांनी बघून पुढे ढकलणं वेगळं आणि आपल्या बायकोच्या तोंडून ते शब्द ऐकणं वेगळं. ‘केमो घेणाऱ्यांचं शेवटी काय होतं, ते डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ मी वाचलं. ‘या एका पाल्यानं गाठी विरघळतात.’ वाचलं. मी थांबले की हे म्हणत होते, ‘पुढचं.’

मग एका ठिकाणी तिचं उत्तर आलं. इतक्या सगळ्यांत एकच. ‘दादा, हे खरं आहे का?’

खाली ह्यांनी उत्तरादाखल नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलेलं.

‘अंगठा?’

‘हो.’

‘आणखी काही लिहिलं नव्हतं मी?’

‘नाही.’

‘बस कर,’ म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. तोंडावर फेकायला माझ्याकडे दहा वाक्यं तयार होती, गेले कित्येक महिने साठवलेली. त्याऐवजी चहा टाकला.

तुमची माफी मागायची म्हणून कालपासून मला मजकूर सांगतायत. तो त्रास वेगळाच. सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’! मी म्हटलं, भावाला लिहिताय की खात्याला? मग म्हणाले, ‘तू लिही, आमच्याकडून अनवधानानं...’ मी पेन आपटलं. ‘आमच्याकडून म्हणजे कुणाकडून? मी पाठवला होता का अंगठा?’ तीन कागद फुकट गेले. तेव्हा माफीनामा या पाकिटात नाही. तुम्ही समजून घ्या, नाहीतर नका घेऊ. मी दमले.

वहिनी

२२ जुलै

भावोजी,

हे पत्र बसून वाचा, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत धाकटीला हाक मारू नका.

काल तिचा फोन आला. तुम्ही कामावर होतात. ती म्हणाली, ‘ताई, आमच्या ह्यांना सांगू नका.’ मी म्हटलं, सांगणार. लपवाछपवी मला आता पुरे झाली. मग ती म्हणाली, ‘बरं, सांगा. मला तोंडानं जमणार नाही, तुम्हीच लिहा.’ म्हणून लिहितेय.

तिला तुमच्या दादांशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर लावून ह्यांच्या मांडीवर ठेवला. हे ताठ बसले, साहेबासमोर बसल्यासारखे.

ती म्हणाली, ‘दादा, तुमच्या मेसेजमुळे मी केमो चुकवला नव्हता.’

पहिल्या दोन केमोंनी तिची पार दशा झाली होती. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नव्हतं तिला. तुम्ही बाहेर गेलात की ती दिवसभर फोनवर शोधत बसायची, कुठे तरी, कुणी तरी ‘थांबव’ असं लिहिलेलं सापडतंय का. तिच्या फोनवर तिनं स्वतः शोधलेलं ह्यांनी पाठवलेल्यापेक्षा जास्त होतं. ह्यांना तिनं ‘खरं आहे का’ विचारलं, तेच मुळी ‘हो’ ऐकायला. अंगठा आला. तिचं काम झालं. मग तुम्ही चिडलात, ते दादांवर चिडलात, आणि तिला हायसं वाटलं. आपल्यावर नाही चिडले. नंतर सांगू सांगू म्हणत राहिली आणि तुमचं भांडण वाढतच गेलं. ‘माझ्यावरून दोन भाऊ तुटले आणि मी बघत बसले, ताई.’ रडत होती.

मला तिची दया यायला हवी होती. आलीही, पण आधी संताप आला. ‘अगं बाई, इतके महिने मूग गिळून बसलीस?’ मी ओरडायला लागले, तशी ह्यांनी प्लास्टरचा हात वर करून मला गप्प केलं.

‘असू दे,’ म्हणाले. ‘अंगठा तर मीच पाठवला ना.’

मग ती म्हणाली, नव्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणतायत, अजून तीन केमो घ्यावे लागतील. तुम्हाला हे माहीत असेल. मला नव्हतं. तुमच्या चार ओळींत ते मावलं नसावं.

‘सगळे म्हणतात घे,’ ती म्हणाली. ‘दादा, तुम्ही काय म्हणता?’

भावोजी, या माणसाकडे गेली दोन वर्षं सगळ्याचं उत्तर होतं. मिठाचं होतं, आकाशातल्या धोंड्याचं होतं, माझ्या गुडघ्यांचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘मला त्यातलं काही कळत नाही गं,’ हे म्हणाले. ‘खरंच कळत नाही. डॉक्टरांना विचार. ते म्हणतील ते कर. आणि भीती वाटली तर मला फोन कर. मेसेज नको, फोन कर. मी तिथं येऊन तुझ्याजवळ बसेन. बसायला तर येतं मला.’

मी उठून स्वयंपाकघरात गेले. का गेले, ते लिहीत नाही.

परत आले तर फोन झाला होता आणि हे डाव्या हातानं कपाटातून बॅग ओढत होते. मी विचारलं, कुठे? म्हणाले, तिचा केमो सोमवारी आहे. मी म्हटलं, अहो, आधी भावाला तरी विचारा! ‘विचारलं तर नको म्हणेल,’ म्हणाले. आता यावर मी काय बोलणार? सेक्रेटरींच्या मुलीकडून गाडीचं तिकीट काढून आणलंसुद्धा. मीही पर्समधल्या काचा काढून आजच चष्मा बसवून देतेय. रविवारी सकाळी तुमच्या दारात उभे असतील.

हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून मी आज मोठ्या पोस्टात जाऊन जास्तीचं तिकीट लावणार आहे. तुम्हाला ओरडायचं असेल तर ओरडा, त्यांनी ते कमावलंय. पण आधी आत घ्या, कारण एका हातानं बॅग धरून ते फार वेळ उभे राहू शकत नाहीत, आणि बसायला सांगितल्याशिवाय बसणारही नाहीत.

वहिनी